दोन कागदांमधलं रेशीम

आमच्या शिरोको गावात नुईला चौदा वर्षं कोणी बारीक काम दिलं नाही. तिच्याकडे यायचे ते गाद्यांच्या खोळी, नाहीतर मजुरांचे डगले छापायचे कागदी साचे. तळहाताएवढी पानं, वीतभर फुलं. असल्या साच्यात धागे घालायला डोकं लागत नाही आणि हातही फारसा लागत नाही. ती ते निमूट करायची. चौकटीचं दुसरं टोक धरायला मी असायचे. मी हिसा, तिची शेजारीण. तिच्या हातांकडे मी जितकं बघितलं तितकं नवऱ्याच्या तोंडाकडेही बघितलं नसेल.

गावात पुरुष कागद कोरतात आणि आम्ही बायका त्यात रेशीम घालतो. रेघांचा साचा असेल तर आमच्यावाचून चालत नाही. वीतभर लांब, हातभर रुंद कागद, त्यात शे-दीडशे रेघा कापलेल्या. दोन रेघांमध्ये उरते ती कागदाची पट्टी, सुतळीपेक्षा बारीक, फक्त दोन टोकांना धरलेली. रंगाऱ्याने वरून खळ ओढली की पट्ट्या सरकणार, सगळं वाकडं होणार. म्हणून कोरणारा दोन कागद एकावर एक ठेवून एकाच सुरीने कापतो, आणि पट्ट्या सुटू नयेत म्हणून मधेमधे कागदाचेच इवलेसे पूल ठेवतो. मग ते दोन कागद आमच्याकडे येतात. मधे रेशमाच्या धाग्यांची जाळी घालून, कच्च्या पर्सिमॉन फळांच्या तुरट रसाने आम्ही ते असे चिकटवतो की वरची रेघ खालच्या रेघेवर केसाइतकीही इकडेतिकडे होत नाही. वाळलं की पूल कापून टाकायचे. धागे नीट बसले असतील तर पट्टी जागची हलत नाही. बसले नसतील तर एका क्षणात महिन्याचं काम मातीत जातं.

नुईच्या हातून एकदा गेलं होतं. तेव्हा तिच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. नवरा चोजी छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला आणि दोघंही थोरल्या दिराच्या घरात. दीर म्हणजे तोकुमात्सुसान. रेघा कोरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांच्या पस्तीस दिवसांच्या साच्याचे पूल नुईने कापले आणि पाच पट्ट्या सुटून लोंबायला लागल्या. तोकुमात्सुसानांनी तो साचा तिच्या हातातून ओढून घेतला, अंगणात चारचौघांसमोर चुरगाळला आणि न्हाणीघराच्या चुलीत घातला. हिच्या हाताला शिस्त नाही, एवढंच म्हणाले. त्यांचा शब्द म्हणजे गावाचा शब्द. चोजी दोन वर्षांनी गेला. नुई वेगळी राहायला लागली आणि गादीच्या खोळींवर दिवस काढू लागली.

मग तायशो बादशहाच्या अकराव्या वर्षी, ऐन थंडीत, किहे आला.

किहे हा साच्यांचा दलाल. डोक्यावर विलायती टोपी, पायात मात्र लाकडी सपाता. क्योतोच्या रंगाऱ्यांच्या मागण्या तो आणायचा आणि साचे घेऊन जायचा. नुईच्या उंबऱ्यावर तो त्याआधी कधी बसला नव्हता. चहा घेतला, हवा किती कोरडी आहे ते सांगितलं, मग कागदावर काढलेलं एक चित्र उलगडलं.

बायकांच्या आतल्या किमोनोचं नक्षीकाम होतं ते. लाल जमिनीवर पांढऱ्या रेघा, जाड, मग बारीक, आणखी बारीक, मग एकदम पुन्हा जाड. असा पडता धबधबा सगळ्या अंगभर. आणि रेघांमधून, मोठ्या अंतराने, पाण्याच्या उलट्या दिशेने उडी मारणारा एकेक चिमुकला मासा. किहे म्हणाला, वरून बाई उंदराच्या रंगाचा साधा किमोनो घालणार. कोणाला काही दिसणार नाही. चालताना बाहीतून दोन बोटं धबधबा दिसेल, पायरी चढताना घोट्यापाशी एखादा मासा, बस. बाकीचं तिचं तिला ठाऊक.

"आणि तिच्या नवऱ्याला," मी म्हटलं.

"त्याला कुठला मासा दिसतोय," नुई म्हणाली.

किहे हसला, पण लगेच गंभीर झाला. साचा तोकुमात्सुसानांनी कोरलाय, चाळीस दिवस लागलेत. त्यांचे धागे इतकी वर्षं म्हाताऱ्या ओसादाबाई घालायच्या, त्या शरदात वारल्या. बोटाच्या रुंदीत बारा रेघा असलेला साचा धरू शकेल असं दुसरं कोणी उरलं नाही. दहा तारखेच्या गाडीने साचा क्योतोला गेला नाही तर रंगारी वाट बघणार नाही. तिकडे आता नवीनच युक्ती निघाली होती. साच्यावर तयार विणलेली विरविरीत रेशमी जाळी रोगणाने चिकटवायची, धाग्यांची भानगडच नको. ते लोक तिकडे वळले की परत येणार नाहीत, असं तो म्हणाला.

नुईने चित्र पुन्हा गुंडाळलं. हात स्थिर होते, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

"भाऊजींनी स्वतः आणून द्यावा," ती म्हणाली.

किहेने टोपी हातात फिरवली. तुम्हाला माहीत आहे ते कसे आहेत, म्हणाला. नुईने त्याचा चहाचा पेला उचलला. तो गेल्यावर मी तिला चांगलं फैलावर घेतलं. चौदा वर्षांनी चालून आलेलं काम, आणि ही अट घालत बसली. तिने मला बार्लीचा भात वाढला आणि मुळ्याचं लोणचं पुढे सरकवलं. तोंड बंद ठेवायची तिची ही पद्धत.

दोन दिवस कोणी आलं नाही. तारीख पाच झाली. सुझुकाच्या डोंगरावरून वारा सुटला होता. तो सुटला की दारं-खिडक्या कडकडतात आणि कागद ताणून वाकडे होतात. तिसऱ्या दिवशी दुपारी तोकुमात्सुसान दारात उभे राहिले, छातीशी गाठोडं. आत आले नाहीत. उंबरा कुठे आहे ते त्यांनी आधी पायाने चाचपलं. मग वाकून गाठोडं ठेवलं.

"नऊ तारखेपर्यंत," म्हणाले, आणि वळले. नुईने जमिनीला कपाळ टेकून नमस्कार केला, तो त्यांनी बघितला की नाही कोण जाणे.

ते कोपऱ्यावर दिसेनासे होईपर्यंत ती बघत राहिली. मला म्हणाली, त्यांना उंबरा दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे वारा पडायच्या वेळेला आम्ही कामाला बसलो. मातीच्या जमिनीवर पाणी शिंपडलं, दारं लावली. नुईने चौकटीच्या खिळ्यांवरून रेशीम ओढायला सुरुवात केली, आधी सरळ, मग तिरपं. कोळ्याच्या तंतूसारखे धागे. ताण बरोबर आहे का ते ती ओठ लावून बघते. बोटाला कळत नाही ते ओठाला कळतं. जाळी तयार झाली तेव्हा खिडकीचा कागद उजळला होता. मग तिने दोन्ही कागद सोडवून एकेक करून उजेडासमोर धरले.

खोटं कशाला बोलू, मला रडूच आलं. त्या माणसाशी माझं कधी जमलं नाही, पण ते काम. पाणी खाली पडत होतं हो कागदातून. आणि मासे, चण्याएवढे, प्रत्येकाची शेपटी वेगळी वळलेली. आमच्या अंगात आतून मांजरपाट असतो आणि बाहीच्या टोकालाच तेवढं रंगीत कापड लावलेलं, लोकांना दिसावं म्हणून. आणि इथे कोणी दिसणारही नाही तिथे एवढं.

नुई बराच वेळ एकाच जागी बघत राहिली. उजवीकडून साधारण तिसाव्या पट्टीवर, जिथे रेघा सगळ्यांत बारीक होत्या तिथे, तिने नख नेलं. मला जवळ बोलावलं. मी वाकून बघितलं. सुरी रेघेवरून सरकून पट्टीवर आली होती. तांदळाच्या दाण्याएवढ्या लांबीत पट्टीच नव्हती. तुटलेली. आणि दोन्ही कागद एकत्र कापलेले, म्हणून दोन्हींत. तिथेच जवळ पूल असल्यामुळे टोकं अजून धरून होती, एवढंच.

मी म्हटलं, गाठोडं बांध आणि परत पाठव. नाहीतर पूल कापशील तेव्हा ती टोकं लोंबतील आणि पुन्हा तुझ्याच नावाने खडे फोडतील. तेव्हासारखंच होईल.

"तेव्हाही असंच होतं," नुई म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं, जाळीवरची नजर न काढता. त्या जुन्या साच्यातही सुरी घसरली होती, पाच पट्ट्यांवर. कागद उजेडात धरले तेव्हाच तिला दिसलं होतं. पण चोजी आतल्या खोलीत खोकत होता, त्याचं औषध थोरल्याच्या पैशाने येत होतं, आणि धाकट्याच्या बायकोने थोरल्याच्या सुरीला नाव ठेवायचं म्हणजे काय. धाग्यांनी सांभाळून घेता येईल असं तिला वाटलं. नाही घेता आलं.

चौदा वर्षं मी हिच्या चौकटीचं दुसरं टोक धरून बसले होते आणि हिने मला हे सांगितलं नव्हतं. मला राग आला. पण तो काढायची ती वेळ नव्हती. जाळी ताणून तयार होती, एक दिवस राहिली तर सैल पडणार होती. धाग्याला थांबता येत नाही.

"भाऊजींना बोलावून आण," ती म्हणाली. "आत्ता. मी बोलावलंय म्हणून सांग."

मी गेले. रस्ताभर काय सांगायचं ते ठरवत होते आणि दारात पोचल्यावर एवढंच म्हटलं की नुईने बोलावलंय. ते फळीसमोर बसले होते, पण फळीवर कागद नव्हता. नुसतेच बसले होते. उठले, काही विचारलं नाही. येताना माझ्या पावलांच्या आवाजामागून चालत होते, हे अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं.

या वेळी ते आत आले. नुईने त्यांना खिडकीपाशी बसवलं आणि कागद पुढे केला. सांगितलं, इथे तुटलंय. त्यांनी कागद उजेडात धरला, जवळ आणला, लांब नेला. म्हणाले, काही नाही इथे. नुईने पुन्हा जागा दाखवली. काही नाही, ते म्हणाले, आवाज चढला होता. तुला काम जमत नसेल तर तसं सांग.

नुईने त्यांचं बोट धरलं. धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराचं बोट धरलं. मी खाली बघायला लागले. तिने ते बोट त्या पट्टीवर ठेवलं आणि हळू ओढलं.

बोट थांबलं. तिथेच राहिलं.

बाहेर कोणी तरी सुक्या मासळीची गाडी ओढत नेत होतं, तिचं चाक कुरकुरत लांब गेलं.

"तेव्हाही असंच होतं, भाऊजी," नुई म्हणाली.

त्यांनी बोट उचललं नाही. "माहीत होतं मला," म्हणाले. "जाळला तो म्हणूनच. नाहीतर कोणी उचलून बघितला असता."

त्या दिवशी अंगणात मी होते. रागाने जाळला असंच आम्ही सगळ्यांनी धरलं होतं. नुईच्या गुडघ्यापाशी रसाचं भांडं होतं, आणि मला वाटलं ती आता ते जाळीवर ओतणार. ओतलं असतं तर मी तिला दोष दिला नसता. तिचा हात भांड्याच्या काठावर होता. किती वेळ, सांगता येणार नाही.

मग तिने कागदाचा समास तोडला, जो नंतर कापूनच टाकायचा असतो, आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"एक पट्टी कापा," म्हणाली. "त्याच रुंदीची. तीन दाण्यांएवढी लांब. दोन कागदांच्या मधे घालते."

"मला दिसत नाही," ते म्हणाले. ते हे वाक्य पहिल्यांदा बोलत होते हे त्यांच्या आवाजावरून कळलं.

"रेघ कुठे ओढायची ते मी दाखवते. ओढायला तुम्हाला डोळे कधी लागले?"

मी त्यांच्या घरून फळी, पोलादी पट्टी आणि सुरी घेऊन आले, धावत. नुईने पोलादी पट्टीची धार खुणेवर लावून दिली. त्यांनी डोळे मिटले. सुरी टेकवली, श्वास सोडला आणि स्वतःकडे ओढली. मग ती पोलादी पट्टी केसभर सरकवायची होती. ती नुईने सरकवली. पुन्हा ओढली. जे निघालं ते फार जाड होतं. दुसरं मधेच निमुळतं झालं. तिसरं सुरीच्या टोकाला चिकटून वर आलं आणि माझ्या श्वासाने उडालं. दोघांनी एकदमच माझ्याकडे मान वळवली. मी बाहीने तोंड दाबून घेतलं आणि तशीच राहिले. बाहेर वारा पुन्हा उठत होता, दार थरथरायला लागलं होतं. वारा घरात शिरला की रस भराभर वाळतो, मग सगळंच संपलं. चौथी पट्टी निघाली. नुईने ती ओल्या कुंचल्याच्या एका केसावर उचलून त्या जागेवर धरून बघितली. मान हलवली.

त्यानंतरचं सगळं मोजक्या श्वासांत झालं. तिने दोन्ही कागदांना रस लावला, सारखाच, कारण ओला कागद फुगतो आणि दोन्ही सारखेच फुगले पाहिजेत. खालचा पसरला. वर जाळी टेकवली, मी चौकटीचं माझं टोक धरून. त्या तुटक्या जागी तिने ती चौथी पट्टी ठेवली. मग वरचा कागद दोघींनी दोन-दोन कोपऱ्यांनी उचलला. दोन्ही कागद जुळावेत म्हणून कोपऱ्यांत लावलेल्या सुया भोकांत गेल्या. नुई सुईने पट्टीला पट्टी भिडवत गेली, डावीकडून उजवीकडे, आणि रसाचा वास नाकात भरलेला. अर्ध्यावर तिचा हात अडला. एक मासा खालच्या माशावर बसत नव्हता, शेपटीपाशी दोन शेपट्या दिसत होत्या. कड वाळायला लागली होती. तिची सुई थांबल्याचं ऐकून तोकुमात्सुसानांनी काही न विचारता हात पुढे केला, तळहात त्या कडेवर हवेतच धरला आणि तोंडाने मंद, ओलसर फुंकर घातली, काचेवर घालतात तशी. कागद एवढासा सैल झाला. नुईने सुईने ओढला. दोन शेपट्यांची एक झाली.

दोन दिवस साचा फळीवर वाळत पडला होता. नऊ तारखेला सकाळी तोकुमात्सुसान बोलावल्याशिवाय आले आणि भिंतीला टेकून बसले. नुईने पूल कापायला घेतले. प्रत्येक पुलाला सुरीचा एक टिक आवाज होतो, आणि ते त्या प्रत्येक आवाजाला मान थोडी कलती करून ऐकत होते. तीनशेच्या वर पूल. त्या तिसाव्या पट्टीपाशी ती थांबली नाही. तेवढ्याच वेगाने कापत गेली. संपल्यावर साचा उचलून उजेडात धरला. एकही पट्टी हलली नाही.

"हं," तोकुमात्सुसान म्हणाले. नुईने त्यांना वांग्याचं लोणचं आणि चहा दिला. त्यांनी दोन्ही संपवलं आणि गेले.

दहा तारखेला साचा घेऊन ते स्वतः किहेच्या दुकानी गेले, मी सोबत होते, म्हणजे वाट दाखवायला. तिथे आणखी तीन कोरणारे बसले होते. साचा देऊन झाल्यावर तोकुमात्सुसानांनी सगळं सांगितलं. या साच्यातली चूक सांगितली, ती कशी सांधली ते सांगितलं, आणि मग चौदा वर्षांपूर्वीचंही सांगितलं, न्हाणीघराच्या चुलीसकट. कोणी विचारलं नव्हतं. किहेला टोपी कुठे ठेवावी ते कळेना. एक जण म्हणाला, जाऊ द्या हो, जुन्या गोष्टी. तोकुमात्सुसान म्हणाले, जुनी नाही, माझ्या भावाच्या बायकोने गेल्या आठवड्यातसुद्धा खोळीचाच साचा हातात घेतला होता. मग उठून चालायला लागले. त्यांनी नुईची माफी कधी मागितली नाही, माझ्या देखत तरी नाही. सुरी मात्र त्या दिवसानंतर हातात घेतली नाही.

वसंतात क्योतोहून छापलेल्या कापडाचा नमुना आला, तीन हात. लाल, आणि त्यात पाणी. दर वीतभर अंतराने ती सांधलेली जागा पुन्हा येते, म्हणून मी डोळे फाडून शोधली, मला सापडली नाही. नुईने हाताने दाखवली तरी दिसली नाही. तिला दिसत होती.

गोड शेवट सांगायचा तर सगळ्या गावाने तिला बारीक काम दिलं असं म्हणावं लागेल. दिलंही, सहा साचे. तिने घातलेले सगळे मी मोजले आहेत. सातवा यायच्या आत क्योतोचे रंगारी त्या रोगणाच्या जाळीकडे वळले होते, किहे म्हणाला होता तसेच. धागे घालणाऱ्या बायका शेतात आणि मासे सुकवायला गेल्या. नुईने वर्षभर वाट बघितली, मग गावातल्याच एका कारखान्यात जाळी चिकटवायचं काम धरलं. रोगणाने तिच्या हातांना पुरळ यायचं. पहिल्या वर्षी ती तिथल्या मुकादमाला रोज सांगायची की जाळी दोन धागे तिरकी लागली आहे, आणि तो म्हणायचा, बाई, कापडावर कोणाला दिसणार आहे. दुसऱ्या वर्षी त्याने तिलाच तपासणीला बसवलं. तिथे ती एकोणीस वर्षं बसली, खिडकीपाशी, एकेक साचा उजेडासमोर धरून. रोज तीन-चार तरी परत पाठवायची.